साडेसात पौंडांचे प्रकरण

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. हाती आलेली वस्तू खोलून पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. शिवणयंत्र झाले, बाजाच्या पेटीचा भाता झाला, सायकलचे फ्रीव्हील झाले. एकदा तर शेजाऱ्यांचे लंबकाचे घड्याळ झाले. (ते आता उत्तम चालते. फक्त रविवारी थोडे रेंगाळते. पण रविवारी कोण रेंगाळत नाही?) हे सारे तुम्ही वेळोवेळी गोड मानून घेतलेत. यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी जो विषय कळवला तो वाचून मात्र संपादकांचा प्रश्न आला, "रायफल? आणि तीही दिवाळीत?"

मी कळवले, दिवाळीतच. कारण मुख्य प्रसंग घडला तो गेल्या वर्षी धनत्रयोदशीला, आणि तो घडत असताना आमची सूनबाई चकल्या तळत होती. तेव्हा वाचकहो, फराळाची बशी जवळ ओढा आणि ऐका.

माझा जन्म इचलकरंजीचा. पुढे पुण्याजवळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे टूलरूममध्ये फिटर म्हणून हात काळे केले. सहा वर्षांपूर्वी आमची ही गेली, आणि चिरंजीव मला अमेरिकेत, ओहायो राज्यात, आपल्याकडे घेऊन आले. चिरंजीव संगणकावर बसतात. सूनबाई इस्पितळात परिचारिका आहे. नात आता पाचवीत गेली. हकिगत घडली तेव्हा ती चौथीत होती. दिवसभर घरात उरतो मी, एक प्रशस्त तळघर आणि माझी हत्यारांची पेटी. हत्यारे म्हणजे पाने, पकडी, कानशी, गैरसमज नको.

गावाबाहेर नेमबाजीचा एक क्लब आहे. तिथे मला घेऊन गेले ते आमच्या गल्लीतले एक निवृत्त शाळामास्तर. हे मास्तर अमेरिकन खरे, पण पँटच्या खिशात खडूऐवजी पेन्सिल आणि चेहऱ्यावर 'पुन्हा एकदा सांगतो' हा भाव, म्हणजे जात तीच! त्यांनी माझ्या हाती एक पॉइंट बावीसची रायफल दिली आणि मी चटकन १९७७ सालात गेलो. कॉलेजात एन. सी. सी.त असताना, पोटावर पडून, पाच गोळ्या. त्यांतल्या चार मी लक्ष्याला मारल्या होत्या आणि पाचवी कुठे गेली हे आमच्या हवालदारसाहेबांना अखेरपर्यंत कळले नव्हते. सत्तेचाळीस वर्षांनी तोच काडतुसाचा वास नाकात गेला आणि म्हातारा पाघळला.

आपल्याकडे या काडतुसाला कमी मान नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले ते पॉइंट बावीसच्याच रायफलीने. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले तेही याच काडतुसावर. फरक इतकाच की, त्यांच्या रायफलीत दर वेळी एक गोळी हाताने भरावी लागते. मास्तरांनी मला सुचवली ती रायफल दुसऱ्या जातीची होती. तिला अर्ध-स्वयंचलित म्हणतात.

हा शब्द मोठा आणि भीतिदायक आहे, म्हणून आधी तो खोलतो. गोळी उडाली की तिच्या मागे जो धूर-वायूचा दाब निर्माण होतो, तो रिकाम्या पुंगळीला मागे रेटतो. पुंगळीच्या मागे एक जड पोलादी ठोकळा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. तो मागे जाताना पुंगळी बाहेर फेकतो, हातोडी चढवतो, आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत ढकलतो. म्हणजे भरण्याचे काम यंत्र करते, उडवण्याचे मात्र माणसानेच करायचे. चाप एकदा ओढला की एक गोळी, परत हवी तर परत ओढा. चाप दाबून धरला की गोळ्यांची सर सुटते ती यंत्रबंदूक, ती निराळी. 'पुढची गोळी यंत्र आपण होऊन भरते' हे वाक्य मात्र लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे.

मी घेतली ती रुगर कंपनीची '१०/२२'. १९६४ सालापासून ती बाजारात आहे आणि अमेरिकेत कित्येकांची पहिली रायफल हीच असते. दहा काडतुसांचे मॅगझिन, पाच पौंड वजन, किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास. ग्रीनकार्ड असल्यामुळे मला ती विकत घेता आली. दुकानात एक लांबलचक सरकारी फॉर्म भरावा लागतो. तुमच्यावर खटला आहे का, शिक्षा झाली आहे का, असे प्रश्न असतात. मग दुकानदार सरकारी यंत्रणेकडे तुमची चौकशी करतो. माझी चौकशी चहा गार व्हायच्या आत संपली. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी ज्यांनी चपला झिजवल्या आहेत, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी जाणतो. मलाही जरा चमत्कारिकच वाटले.

सूनबाईला तर मुळीच आवडले नाही. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या युव्हाल्डे गावी एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका शाळेतच मारल्या गेल्या, त्या अर्ध-स्वयंचलित रायफलीनेच. आमची नात शाळेत कवायत करते. आग लागली तर काय करायचे याची एक, आणि बंदूकवाला आला तर दिवे मालवून कोपऱ्यात गप्प कसे बसायचे याची दुसरी. "माझी रायफल लहान आहे, तिचे काडतूस करंगळीच्या पेराएवढे आहे," असे मी म्हणून पाहिले. सूनबाई म्हणाली, "बाबा, माणूस मरायला तेवढे पुरते. मी इस्पितळात असते." यावर बोलण्यासारखे काही नव्हते. अखेर चिरंजिवांनी मध्यस्थी केली: तळघरात पोलादी कपाट, त्याला कुलूप, काडतुसे वेगळ्या पेटीत, तिला वेगळे कुलूप, नातीला तळघर बंद. सूनबाईने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती, थांबून पाहण्याची होती.

आता माझ्या आवडीचा भाग. कपाट आले, रायफल आली आणि मी ती खोलली.

फिटर माणसाने पाहावी अशी ही वस्तू आहे. दस्त्याचा एक स्क्रू आणि पुढच्या कड्याचा एक स्क्रू काढला, सुरक्षेचे बटण मधोमध धरले की सगळे यंत्र लाकडातून उचलून येते. दोन पिना ढकलल्या की चापाचा सगळा संच हातात. आणि नळी? ती आट्यांवर पिळून बसवलेली नाही. ती बसते एका व्ही-ब्लॉकने आणि दोन स्क्रूंनी! टूलरूममध्ये गोल सळई धरायला आम्ही चौतीस वर्षे जो व्ही-ब्लॉक वापरला, तो मला ओहायोत बंदुकीच्या पोटात भेटला. परगावी एस.टी. स्टँडवर शाळूसोबती भेटावा तसे वाटले. याच सोयीमुळे या रायफलीचा हरएक भाग घरी बदलता येतो, आणि याच सोयीमुळे तिच्या सुट्या भागांच्या याद्या आपल्या लग्नाच्या यादीहूनही लांब असतात. नळी जाड हवी? घ्या. दस्ता रंगीत हवा? घ्या. साडेतीनशेच्या रायफलीवर हजार डॉलरचा साज चढवणारे महाभाग आमच्या क्लबात आहेत.

मला मास्तरांनी वेळीच आवरले. ते म्हणाले, आधी ठरवा, हिचे करायचे काय? आणि त्यांनी एक नियमपुस्तिका पुढे केली. ओहायोत ईरी सरोवराच्या काठी कँप पेरी म्हणून जागा आहे. तिथे १९०७ सालापासून राष्ट्रीय नेमबाजीचे सामने होतात. त्यांत 'रिमफायर स्पोर्टर' नावाचा एक सामना अशाच साध्या बावीसच्या रायफलींसाठी असतो. पडून, बसून आणि उभे राहून मिळून साठ गोळ्या. पैकीच्या पैकी गुण सहाशे. पडून आणि बसून पन्नास यार्डांवर, उभे राहून पंचवीस यार्डांवर. निम्म्या गोळ्या सावकाश आणि निम्म्या घाईच्या: अर्ध-स्वयंचलितवाल्यांना पाच गोळ्यांना पंचवीस सेकंद, हाताने बोल्ट ओढणाऱ्यांना तीस. आणि रायफलीला बंधने दोन मोठी. वजन साडेसात पौंडांहून अधिक नको. आणि चाप तीन पौंडांहून हलका नको.

ही बंधने वाचून मला बरे वाटले. बंधन नसेल तर कारागीर वाहवत जातो. जाड नळी घातली तर साडेसात पौंडांची वेस ओलांडली जाते, म्हणून नळी राहिली मूळचीच. खर्च वाचला.

पहिले काम दस्त्याचे. रायफलीचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवून बोट चापापर्यंत नीट पोचले पाहिजे. माझी उंची पाच फूट चार इंच. कारखान्याने दस्ता कापला तो कुणा धिप्पाड माणसाला मनात धरून. अर्धा इंच लाकूड काढायचे ठरले. लाकडाचे तोंड फुटू नये म्हणून कापण्याच्या रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली, बारीक दातांच्या करवतीने कापले, आणि वर पातळ रबरी गादी बसवली. चौतीस वर्षांत मी हजारो तुकडे कापले असतील, पण नव्या कोऱ्या वस्तूला करवत लावताना हात थरथरला हे कबूल करतो.

दुसरे काम दुर्बिणीचे. पुढची माशी आणि मागची खाच जुळवण्याचे माझ्या डोळ्यांचे दिवस गेले. नियमात सहापटीपर्यंतची दुर्बीण चालते. मी चारपटीची घेतली. ती घेताना एक गोष्ट पाहावी. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी शंभर यार्डांना किंवा त्याहून लांबला जुळवलेल्या असतात. बावीससाठी पन्नास-साठ यार्डांना जुळवलेली हवी. नाहीतर डोळा जरा हलला की फुली लक्ष्यावरून सरकते. पट्टीचे बारीक स्क्रू तेल पुसून, आटे धरून ठेवणाऱ्या द्रावाचा एकेक थेंब घालून, बेताने आवळले. फुली सरळ उभी आहे की नाही हे पाहायला बाजारात निराळी यंत्रे मिळतात. मी तळघराच्या टोकाला दोऱ्याने ओळंबा टांगला आणि फुलीची उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळवली. गवंड्याची विद्या कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

दुर्बीण वर चढली की गालही वर चढावा लागतो. गाल अधांतरी राहिला तर डोळा दर वेळी नवी जागा शोधतो आणि नेम भटकतो. दस्त्यावर चामड्याची एक उशी बांधली, तिच्याखाली जुन्या पायपुसणीचा तुकडा. सगळे मिळून वजन भरले सहा पौंड दहा औंस. पास!

तिसरे काम नेम बसवण्याचे. या रायफलीचे मागचे तोंड बंद असते, त्यामुळे नळीतून आरपार पाहून अंदाज घेता येत नाही. आधी पंचवीस यार्डांवर मोठा कागद लावून गोळ्या कागदावर आणायच्या, मग पन्नासला जायचे. एका गोळीवर कधी विश्वास ठेवू नये. पाच माराव्या आणि पाचांचा मध्य पाहावा. माझ्या पाच गोळ्यांचा पुंजका मध्यापासून दोन इंच खाली आणि एक इंच उजवीकडे पडला. दुर्बिणीच्या चकतीची एक टिकटिक पन्नास यार्डांवर एक अष्टमांश इंच सरकवते. म्हणजे सोळा टिकटिकी वर, आठ डावीकडे. दुसरा पुंजका मधोमध. गणिताचे असे रोख फळ मला शाळेत मिळाले असते, तर मी फिटर न होता इंजिनियर झालो असतो.

चौथी गोष्ट काडतुसांची, आणि ही नवख्याला कुणी सांगत नाही. प्रत्येक नळीला काही काडतुसे मानवतात, काही मानवत नाहीत. चार जातींची आणली. प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्यांचे पुंजके काढले. स्वस्त आणि अतिवेगवान जातीचा पुंजका दोन इंचांचा पडला. साध्या वेगाच्या एका जातीचा इंचभराचा. हजार डॉलरच्या साजाने जे झाले नसते, ते खोका बदलल्याने झाले.

राहिला चाप. मूळचा चाप सहा पौंडांच्या आसपास. ओढताना फुली लक्ष्यावरून उतरून शेजारच्या गावी जाते. मी बाजारातून तयार हलका संच आणून बसवला. लोण्यासारखा! पण तीन पौंडांची अट होती. तपासायची रीत अशी: रायफल रिकामी, हातोडी चढवलेली, नळीचे तोंड सरळ वर, चापाला तारेच्या आकड्याने तीन पौंडांचे वजन लावायचे आणि रायफल उचलायची. वजन उचलले गेले पाहिजे, हातोडी पडता कामा नये. माझ्याकडे वजन कुठले? स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन पौंड तूरडाळ पिशवीत मोजून घेतली. उचलली, आणि टक्! पिशवी जमिनीवरून सुटण्याआधीच हातोडी पडली. डाळीने मला नापास केले.

चापाच्या धारेला कानस लावायचा मोह झाला होता, तो मी आवरला. तो भाग कठीण केलेल्या पोलादाचा असतो. केसभर जास्त घासला तर रायफल नुसत्या धक्क्यानेही उडू शकते. मूळचा संच परत बसवला आणि तो बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराकडे नेला. त्याने तो सव्वातीन पौंडांवर आणून दिला. आता डाळीची परीक्षा दर आठवड्याला घ्यायची, असा मी परिपाठ ठेवला.

इथवरची हकिगत ऐकून तुम्ही म्हणाल, आजोबांचे सगळे कसे बेताने चालले होते! मलाही तसेच वाटत होते.

धनत्रयोदशीच्या दुपारी मी आणि मास्तर क्लबावर होतो. मैदानावर आम्ही दोघेच. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे, पंचवीस सेकंदांचा सराव. चार गोळ्या झाल्या आणि एकाएकी पावसाची सर आली. मास्तरांनी 'थांबा' म्हटले. मी मॅगझिन काढले, पाहिले. ते रिकामे होते. रिकामे मॅगझिन म्हणजे रिकामी रायफल, असे मन म्हणाले. नळी रिकामी असल्याची खूण म्हणून एक पिवळी प्लास्टिकची दांडी बोल्टमध्ये अडकवतात. ती पिशवीच्या तळाशी होती आणि पाऊस वाढत होता. रायफल खोळीत घातली, गाडीत टाकली, घरी आलो.

संध्याकाळी तळघरात गेलो. वर स्वयंपाकघरात चकलीचा वास, आणि नातीचा आवाज. टेबलाशी बसून ती आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापत होती. मी डाळीची पिशवी काढली, आकडा लावला. नळीचे तोंड वर केले. हातोडी चढवण्यासाठी बोल्ट मागे ओढला. नीट वाचा, मी तो तपासण्यासाठी ओढला नाही, हातोडी चढवण्यासाठी ओढला. आणि नळीतून एक भरलेले काडतूस उडून फरशीवर पडले. टण् करून.

पाचवे काडतूस. मॅगझिन रिकामे होते ते याचसाठी, की चौथी गोळी उडताच यंत्राने पाचवी आपण होऊन नळीत भरली होती. आणि ही रायफल अशी की, शेवटच्या गोळीनंतर तिचा बोल्ट उघडा राहत नाही. भरलेली असो वा रिकामी, बाहेरून दिसते सारखीच. हे सगळे मला ठाऊक होते. खोलून पाहिले होते ना!

हातोडी तर चौथ्या गोळीनेच चढलेली होती. ती चढलेली आहे हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले असते, तर मी बोल्ट ओढलाच नसता. सुरक्षेचे बटण सरकवून सरळ डाळ उचलली असती. मी वर पाहिले. डोक्यावर तळघराचे छत. म्हणजे लाकडी फळ्या आणि त्यांच्यावर स्वयंपाकघर. वरून नातीने कात्री ठेवल्याचा आवाज आला.

किती वेळ मी स्टुलावर बसून होतो कोण जाणे. कुणी पाहिले नव्हते. काडतूस पेटीत टाकले असते, तर जगात कुणाला कळले नसते. हा विचार मनात आला हे लपवत नाही. चांगला दोन-तीनदा आला. मग रायफल कुलपात घातली, काडतूस मुठीत घेतले आणि जिना चढलो. ते सोऱ्याशेजारी ओट्यावर ठेवले आणि सूनबाईला सगळे सांगितले.

तिने आधी शेगडी बंद केली. मग विचारले, "तुम्ही कुठे उभे होता?"

"बरोबर खाली," मी म्हणालो.

ती नातीकडे गेली, तिच्या केसांवरून हात फिरवून परत आली. मी म्हणालो, "उद्या विकून टाकतो."

"ते उद्या बोलू," ती म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, आमच्याकडे इन्सुलिन द्यायचे असले की एकीने सिरिंज भरायची आणि दुसरीने ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची. पहिली वीस वर्षांची जुनी असली तरी. तुम्ही दस्ता बदललात, दुर्बीण बसवलीत, चाप बदललात. पण तुमच्या रायफलीला दुसरी परिचारिका कुठे आहे?"

वाचकहो, चौतीस वर्षांत मला कुठल्याही साहेबाने असा प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नानानंतर तिने अटी सांगितल्या. रायफल तीन महिने बंद. कपाटाला दुसरे कुलूप, त्याची किल्ली तिच्याकडे. चापाची परीक्षा यापुढे क्लबावर, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे तोंड करून, घरात नाही. आणि रायफल घरात शिरण्याआधी बाहेर दोघांनी तपासायची: मॅगझिन काढा, बोल्ट ओढून अडकवा, नळीत डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा, पिवळी दांडी घाला. आधी मी, मग ती. ज्या बाईला रायफल घरात नको होती, ती हे सारे एका संध्याकाळी शिकली.

मास्तरांनाही मी सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "मीही पाहिले नाही." तेव्हापासून आम्ही दोघे क्लबावर एकमेकांची रायफल तपासतो. नवे लोक पाहतात, त्यांना आम्ही म्हातारचळ लागलेले वाटतो. वाटू दे.

यंदा जुलैत मी कँप पेरीला गेलो. सहाशेपैकी चारशे सत्त्याऐंशी. पडून बरे गेले, बसून मध्यम; उभे राहून माझे गुडघे नेम धरत होते आणि मी त्यांच्या मागे जात होतो. सूनबाई आणि नात सरोवर पाहायला म्हणून आल्या होत्या. फळीवर ओळीने ठेवलेल्या रायफलींमधून डोकावणाऱ्या पिवळ्या दांड्या नातीने मोजल्या. मग म्हणाली, "आजोबा, इथे सगळ्यांच्या बंदुकीत काडी आहे. आमच्या शाळेत येणाऱ्याच्या बंदुकीत नसते, ना?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नसते, बाळ." याहून बरे उत्तर मला तेव्हा सुचले नाही, आणि हे लिहीपर्यंतही सुचलेले नाही.

रायफल विकावी की ठेवावी, हा प्रश्न आमच्या घरी अजून मिटलेला नाही. दर दिवाळीला तो पुन्हा काढायचा, असे ठरले आहे. आणि निकाल सूनबाईचा. यंदाची बैठक भाऊबीजेला आहे. तोवर ती दोन कुलपांच्या आत, साडेसात पौंडांच्या मर्यादेत, तोंडात पिवळी दांडी धरून उभी आहे.

ते पाचवे काडतूस मात्र मी क्लबावर नेऊन उडवून टाकले. त्याची रिकामी पुंगळी माझ्या हत्यारांच्या पेटीत, मायक्रोमीटरच्या खणात ठेवली आहे. मोजमाप घ्यायला खण उघडला की ती आधी हाताला लागते.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. फटाके जपून उडवा, आणि न उडालेला फटाका 'विझला असेल' म्हणून हातात घेऊ नका.